दोराचं दुसरं टोक

मी सांगतोय ते खरं आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला खोटं सांगून काही मिळवायचं नसतं.

तारीख २३ मे १९७१. वार रविवार. ठिकाण नेवासा तालुक्यातला प्रवरेचा एक डोह, टोक्याच्या संगमाच्या बराच अलीकडचा.

या गोष्टीत रात्र नाही. अमावस्याही नाही. जे झालं ते सकाळी अकरा ते बाराच्या मधे झालं, डोळे दिपवणाऱ्या उन्हात.

आणि तेव्हा दोर माझ्या हातात होता...

आम्ही तिघं मित्र. मी सुमंत. वडील कचेरीत कारकून, आणि मला त्याच जूनपासून शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायचं होतं. दुसरा श्रीमंत. नेवाशात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिसरा गहिनीनाथ, आमचा गहिनी. नदीकाठी त्याचा मळा. घरात तो आणि त्याची आई गोजरबाई, दोघंच. वडील तो चार वर्षांचा असताना गेले होते.

आमचा नाद जरा वेगळा होता. बाकीचे लोक गळ टाकायचे, जाळं लावायचे. आम्ही पाण्याखाली जाऊन भाल्यानं मासे मारायचो.

श्रीमंतचा मावसभाऊ मुंबईला गोदीत होता. त्यानं पाण्यात घालायचा काचेचा चष्मा आणून दिला. भाला आमचा घरचाच. छत्रीच्या तीन काड्या घासून टोकदार केलेल्या, बांबूला बांधलेल्या, मागं सायकलच्या ट्यूबचं रबर. रबर ताणून सोडलं की भाला सुटायचा. तो हरवू नये म्हणून त्याची दोरी मनगटाला बांधायची.

मी मासे खात नव्हतो. पोहायलाही मला बेताचंच यायचं.

मी जायचो ते गहिनीचं ऐकायला. तो वर यायचा, नाकातोंडातलं पाणी उडवायचा, दोन शिव्या हासडायचा आणि खाली काय काय दिसलं ते सांगायचा. हिरवा उजेड. त्यात तरंगणारी माती. कपारीतून तोंड काढून बसलेली वाम, सापासारखी लांब मासळी. मी काठावर बसून डोळे मिटायचो आणि ते सगळं मला दिसायचं. एवढं चांगलं सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

डोहाच्या मधोमध एक मोठा खडक होता. त्याची पाठच तेवढी पाण्याबाहेर असायची, बसलेल्या म्हशीसारखी. आम्ही त्याला म्हैसच म्हणायचो. सगळ्या कपारी त्याच्या पोटाखाली. गहिनी अलीकडून बुडी मारायचा, पलीकडं डोकं काढून दम घ्यायचा आणि पुन्हा खाली जायचा. तो पलीकडं असला की काठावरून दिसायचा नाही.

म्हणून दोर आला. विहिरीच्या पोहऱ्याचा दोर. एक टोक त्याच्या कमरेला सैल बांधलेलं, दुसरं माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन झटके म्हणजे ओढ.

त्या रविवारी वाटेत श्रीमंतची सायकल पंक्चर झाली. सायकलच्या दुकानदाराचीच सायकल, म्हणून गहिनी वाटभर त्याला चिडवत होता. डोहावर पोचल्यावर श्रीमंत पंप मागायला जवळच्या वस्तीवर गेला. त्याची वाट बघायला गहिनी तयार नव्हता. आदल्या रविवारी एक मोठी वाम त्याच्या हातून सुटली होती. ती कुठं बसते ते मला ठाऊक आहे, असं तो म्हणाला.

मी घड्याळात बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

वरचं पाणी कोमट होतं, अंघोळीला काढल्यासारखं. गहिनी त्यात शिरला, चष्मा लावला, माझ्याकडं बघून हात हलवला आणि खाली गेला.

दोर सरकत गेला. मग थांबला.

दोन मिनिटं झाली. मी एक झटका दिला.

पलीकडून एक झटका आला. ठीक आहे.

मी निवांत बसलो. बाभळीची सावली होती. पाण्यावर एकही तरंग नव्हता.

पाच मिनिटं झाली. मी झटका दिला. उत्तर आलं. एक.

तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं...

आवाज नव्हता.

गहिनी पलीकडं वर आला की अख्ख्या नदीला कळायचं. फुरफुर, खोकला, शिव्या. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर आलं नाही.

दोराला मात्र झटका आला. मी दिला नव्हता, तरी आला.

एक.

आणि तो झटका हलका होता. गहिनी दोर ओढायचा तेव्हा मी काठावरून पुढं यायचो, इतका तो आडदांड. हा तसा नव्हता. लहान पोरानं आईचा पदर ओढावा, तसा होता...

मी मनाला समजावलं. तो वामीवर टपून बसला असेल. आवाज केला तर ती आत जाईल.

सव्वा अकरा. झटका. एक.

अकरा वीस. एक.

अकरा पंचवीसला मला राहवेना. मी कपडे काढले आणि दोर हातात धरूनच पाण्यात उतरलो. गुडघ्यापर्यंत. मांड्यांपर्यंत. कमरेपर्यंत. म्हशीला वळसा घालून पलीकडं बघायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पुढं तळ एकदम तुटतो हे मला माहीत होतं. तरी मी पाय उचलला.

तेवढ्यात दोर जोरात ओढला गेला.

एकदाच. तळहात सोलवटला माझा. एखाद्यानं खेकसून मागं फिर म्हणावं, तसा झटका.

मी मागं फिरलो. काठावर येऊन बसलो. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. हा झटका गहिनीचाच होता, असं मला वाटलं. तो धडधाकट आहे. माझ्यावर चिडलाय.

मी आणखी पंचवीस मिनिटं तसाच बसून राहिलो.

बाराला दहा कमी असताना श्रीमंत पंप घेऊन आला. गहिनी कुठं आहे, असं त्यानं विचारलं. मी पाण्याकडं बोट केलं. किती वेळ झाला? मी घड्याळ दाखवलं. त्याच्या हातातला पंप खाली पडला.

मी त्याला म्हणालो की घाबरू नको, उत्तर येतंय. आणि त्याच्यासमोर झटका दिला.

उत्तर आलं.

श्रीमंतनं दोर माझ्याकडून घेतला. त्यानं स्वतः एक झटका दिला. थोडा वेळ गेला. मग त्याच्या मुठीतला दोर हलकेच ताणला गेला आणि सैल पडला. मी डोळ्यांनी बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"सुमंता," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यो गहिनी न्हाई."

त्यानं दोर ओढायला सुरुवात केली. दोर सरसर येत गेला. कुठं अडकला नाही. त्याला वजन नव्हतं.

शेवटी टोक वर आलं.

मोकळा फास. गाठ जशीच्या तशी. आत कुणी नव्हतं.

श्रीमंतनं अंगावरच्या कपड्यांसकट उडी घेतली. तिसऱ्या बुडीत त्याला गहिनी सापडला, म्हशीच्या पार पलीकडच्या कपारीत. भाला आत रुतला होता आणि त्याची दोरी मनगटाला करकचून आवळली होती. श्रीमंतनं वर येऊन चाकू नेला, ती कापली आणि गहिनीला वर आणलं. आम्ही त्याला पालथा घातला, पाठ दाबली, छाती दाबली. मी त्याला गालावर मारून उठवत होतो. श्रीमंतनं माझा हात धरला तेव्हा मी थांबलो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पाण्यात गेल्यावर पाच मिनिटांच्या आतच सगळं संपलं असणार. मी त्यांना पुन्हा विचारलं. अकरा पंचवीसला तो जिवंत असू शकतो का? त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत तोच दोर घेऊन एकटा डोहावर गेला. काठापासून त्या कपारीपर्यंत त्यानं माप घेतलं. दोर सात हात अपुरा पडला. म्हणजे तिथं पोचायला गहिनीनं तो आधीच कमरेतून काढला होता. वामीच्या नादात.

म्हणजे पहिल्या काही मिनिटांनंतर त्या टोकाला कुणीच नव्हतं.

मग मला पाऊण तास उत्तर कोण देत होतं?

श्रीमंतनं आपलं उत्तर ठरवून टाकलं होतं. त्या डोहात काहीतरी आहे. त्यानं गहिनीला धरलं, आणि तो संपेपर्यंत आपल्याला काठावर खेळवत बसवलं. गहिनी असता तर त्यानं दोन झटके दिले असते, असं तो म्हणायचा. अडकलेला माणूस ठीक आहे म्हणून कशाला सांगेल? त्यानं भाले मोडून चुलीत घातले. पुढं तो पुण्याकडं कारखान्यात लागला. मला त्यानं दोष दिला नाही, पण माझ्याशी बोलणंही त्याला जमेना. मलाही जमलं नाही.

गोजरबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की पोरगा कपारीत अडकला. मी त्यांच्याकडं जाणं टाळत राहिलो. शाळेत रुजू झालो. मुलं एक साथ नमस्ते म्हणायची आणि मला रडू यायचं.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मळ्यात गेलो आणि सगळं सांगितलं. झटके, घड्याळ, मी पाण्यात उतरलो ते, मागं फिरलो ते. शेवटी म्हणालो, मावशी, मी तेव्हाच ओरडलो असतो, वस्तीवरचे लोक बोलावले असते, तर...

त्या शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"वढ कशी हुती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. हलकी होती. नेहमीसारखी नव्हती.

"दमला आसंल रं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, तू पाण्यात उतरलास तेव्हाची? मी म्हणालो, ती मात्र जोरात होती. त्यांनी मान हलवली.

"तुला पवायला येत न्हाई, त्याला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "मला तिथं घिऊन चल."

आम्ही निघालो तेव्हा दहा वाजले असतील. बैलगाडी त्यांनी नको म्हटली. शेतातून चालत गेलो. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. नदी जागोजाग तुटली होती, पण डोहात पाणी होतं. म्हशीची पाठ आता जास्त उघडी पडली होती.

गोजरबाई काठाला बसल्या. मी चार पावलं मागं उभा राहिलो. त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि तशाच बसून राहिल्या.

वारा नव्हता. एक पाखरूही बोलत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. त्या दिवशी मी घड्याळ घातलं नव्हतं. गहिनी गेल्यापासून मी घड्याळ घालतच नाही.

मग मला दिसलं...

त्यांच्या हाताभोवतीचं पाणी हलत होतं. बाकी सगळा डोह काचेसारखा आणि तेवढ्याच जागी बारीक तरंग. त्यांचा खांदा पुढं झुकला. त्या घसरतायत असं वाटून मी धावलो, पण त्यांनी न बघताच डावा हात वर करून मला थांबवलं. त्या काहीतरी बोलत होत्या. झोपत नसलेल्या लेकराशी बोलावं, त्या आवाजात. मला सगळं ऐकू आलं नाही. विहिरीचं, गाईचं काहीतरी. गाय व्यायल्याचं त्या सांगत होत्या बहुतेक.

शेवटचं मात्र मी स्पष्ट ऐकलं.

"सोड आता, बाळा. मला माघारी जायाचंय."

पाणी थांबलं.

त्यांनी हात बाहेर काढला. कोपरापासून बोटांपर्यंत तो पांढराफटक पडला होता, थंडीच्या दिवसात पहाटे गारठतो तसा. त्यांनी तो पदरात गुंडाळून छातीशी धरला आणि त्या उठल्या.

अर्ध्या वाटेत आल्यावर मी धीर करून विचारलं, मावशी, काय झालं?

त्या चालत राहिल्या.

"हात लई गार पडलाय त्याचा," एवढंच म्हणाल्या.

मे महिना होता. ऊन असं होतं की पायाखालची ढेकळं भाजत होती.

गोजरबाई त्यानंतर अठरा वर्षं जगल्या. दर उन्हाळ्यात त्या एकट्या डोहावर जायच्या. पुढं जायकवाडी धरणाचं पाणी मागं चढत आलं. डोह, म्हैस, काठावरची बाभळ, सगळं त्यात गेलं. मग त्या नुसत्या पाण्याच्या कडेला जाऊन बसायच्या. तिथं काही होत होतं का, हे मी विचारलं नाही.

श्रीमंतचं खरं की गोजरबाईंचं, मला अजून कळलेलं नाही. श्रीमंतचं खरं असेल, तर त्या बाईनं दर वर्षी कुणाचा हात हातात धरला, या विचारानं माझ्या अंगावर काटा येतो.

आणि गोजरबाईंचं खरं असेल, तर ते मला जास्त छळतं.

कारण त्या दिवशी डोहावरून निघताना त्या माझ्याकडं वळल्या होत्या. पाण्याकडं बोट करून त्यांनी मला म्हटलं होतं, "तू बी घाल हात. तुझी वाट बघतोय त्यो."

मी पाण्याजवळ गेलो. वाकलो. तळ दिसत नव्हता. नुसता हिरवा उजेड दिसत होता.

तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता.

मी हात घातला नाही.