अर्धा वाडगा

टिकलीचं वजन चोवीस किलो. हा आकडा आधीच सांगून ठेवतो, पुढे तो लागणार आहे.

ते मोजलं कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी. बेवारस कुत्र्यांच्या त्या निवाऱ्यात कुत्रं काही काट्यावर धड उभं राहत नसे. म्हणून तिथली रीत अशी, की माणसानं आधी एकट्यानं काट्यावर चढायचं, मग कुत्र्याला उचलून चढायचं, आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचा. आठ वर्षांची टिकली कुत्र्याला कवेत घेऊन चढली तेव्हा छत्तीस भरले. कुत्रा बारा किलोचा निघाला.

त्याचं नाव तिनं जागच्या जागी ठेवलं, बटाट्या. रंग मातकट, अंग गोल, आणि एक कान कोंब फुटल्यासारखा उभा. पाहताक्षणी दोघांचं असं काही जमलं, की आईच्या मताला किंमतच उरली नाही.

बटाट्या होता त्याच पिंजऱ्यात भिंतीशी एक म्हातारी कुत्री पडून होती. तिला तीनच पाय होते.

"आणि ही?" टिकलीनं विचारलं.

"ती... ती वेगळी आहे, बाळ," पिंजरेवाले काका म्हणाले. पिंजऱ्यावरच्या पाटीवरचा एक शब्द नुकताच पुसलेला दिसत होता आणि काकांच्या बोटांना खडू लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितला. "पंधरा दिवस बघायचं. दर शुक्रवारी वजन करायचं. घटत गेलं तर कुत्रा तुमच्याकडे रुळला नाही असं समजून परत घेऊ."

"घटतंय कशाला? आमच्याकडे येऊन कुणी उपाशी राहिलेलं नाही," आई म्हणाली. ती शिवणकाम करायची, गळ्यात कायम टेप, आणि बोलणं कात्रीसारखं. पण मनानं मऊ बाई.

घरी पहिल्याच संध्याकाळी बटाट्यापुढे वाडगाभर भात आणि अंडं ठेवलं. त्यानं अर्धं खाल्लं. बरोबर अर्धं, पट्टीनं रेघ मारावी तसं. मग नाकानं ढकलत ढकलत वाडगा शिलाई मशीनमागच्या कोपऱ्यात नेला आणि शेपूट हलवत, कोपऱ्याकडे बघत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. टिकलीनं हातानं भरवून पाहिलं, तर त्यानं तिचा हात चाटला आणि घास सोडला.

"मेला उपास धरून बसलाय," आई म्हणाली. पण रात्री उठून दोनदा त्याच्या अंगावर चादर घातली, ती आईनंच.

पहिल्या शुक्रवारी काट्यानं पस्तीस दाखवले. एक किलो घटला होता.

"अजून एक आठवडा. त्यानंतर माझा नाइलाज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टिकलीनं दाराशी पिंजरेवाल्या काकांना गाठलं. "काका, ती म्हातारी कुठंय?"

काका बराच वेळ कुलपाशी चाळा करत राहिले. "गेली ती. तुम्ही याला नेलंत ना, त्याच संध्याकाळी." मग न विचारताच बोलले, "पाटीवर 'जोडी' लिहिलेलं होतं. जोडी तोडायची नाही असा नियम आहे आमचा. पण म्हातारीला कुणी घेईना आणि तिच्यापायी यालाही. वाटलं, एकाचं तरी भलं होईल. म्हणून पुसलं मी. दोघं एकाच वाडग्यात जेवायची गं. हा आधी, अर्धं. मग ती."

सोमवारी आई दोन गल्ल्या सोडून कोट पोचवायला गेली. "आलेच मी. दार उघडू नकोस," असं बजावून गेली. दिवेलागणीची वेळ होती आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. टिकली भिंतीला टेकून बसली, बटाट्याचं डोकं मांडीवर घेऊन.

आधी वास आला. फिनेलचा आणि ओल्या केसांचा. घरात फिनेल नव्हतंच.

मग मशीनमागून आवाज आला. फरशीवर नखं वाजल्याचा. टक, टक, टक... आणि एक ठोका गाळलेला. टक, टक, टक... आणि पुन्हा गाळलेला.

बटाट्या तिच्या मांडीवरून हललाही नव्हता. नुसती शेपूट फरशीवर आपटत होती.

टिकलीला वाटलं पळावं, तर दाराची वाट त्या कोपऱ्यावरूनच होती. आवाज जवळ आला... थांबला. तिच्या गुडघ्याला काहीतरी गार, ओलसर टेकलं. कुत्र्याचं नाक टेकावं तसं. आणि बटाट्याचं नाक तर तिच्या तळहातात होतं.

ती हमसून रडली असती. पण त्या स्पर्शात काही मागणं होतं, आणि मागणाऱ्याची फार वेळ भीती वाटत नाही.

"भूक लागलीय का... तुला?" तिनं अंधाराला विचारलं.

ती चाचपडत उठली. दुसरा वाडगा काढला, पातेल्यातला भात वाढला आणि कोपऱ्यात ठेवून आली. मग बटाट्याचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. अंधारात दोन ठिकाणी चाटण्याचा आवाज सुरू झाला.

वीज आली तेव्हा दोन्ही वाडगे लख्ख होते. "दोन वाडगे? खादाड कुठला!" आई दारातूनच म्हणाली आणि तिचा चेहरा खुलला. टिकलीनं दोन्ही वाडगे गुपचूप विसळून ठेवले. तेव्हापासून रोज दोन वाडगे मांडले जाऊ लागले.

दुसऱ्या शुक्रवारी टिकली बटाट्याला घेऊन काट्यावर चढली. आकडा आला पंचेचाळीस.

"अशक्य," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला खाली ठेव. एकटी उभी राहा."

तेहेतीस.

"तूही उतर."

टिकली उतरली. काटा रिकामा होता आणि त्यावर नऊचा आकडा स्थिर होता.

"काटाच नऊ किलो जास्त दाखवतोय," बाई वैतागून म्हणाल्या. "म्हणजे बटाट्या बारा. भरलं वजन! कुत्रा तुमचा." त्यांनी सही ठोकली. टिकलीनं बटाट्याला असं आवळलं की तो कुंईकुंई करायला लागला, आणि आईनं टेपच्या टोकानं डोळे पुसले.

पिंजरेवाले काका तेवढे काट्याकडे बघत होते. म्हातारीचं शेवटचं वजन त्यांनी स्वतः लिहिलं होतं. नऊ.

"काका," टिकलीनं हळूच विचारलं, "तिच्यासाठी पण सही लागते?"

काकांनी मान हलवली, नाही म्हणून. काट्यावर नवाचं शून्य झालं. काकांनी दार उघडलं आणि बटाट्या बाहेर पडल्यावरही जरा वेळ तसंच धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी दोन वाडगे मांडले. आज आईही पाहायला बसली होती. बटाट्यानं आपला वाडगा चाटूनपुसून साफ केला. कोपऱ्यातला दुसरा वाडगा हळूहळू, कुणी दिसत नसताना, उतरत गेला. आईच्या गळ्यातली टेप खाली घसरली, तरी तिनं ती उचलली नाही.

अन्न अर्ध्यावर आलं आणि थांबलं. पट्टीनं रेघ मारावी तसं.

मग तो वाडगा आपोआप सरकू लागला. फरशीवरून घासत, थांबत, पुन्हा घासत, थेट बंद दारापर्यंत गेला आणि तिथंच राहिला, पलीकडे कुणी वाट बघत असल्यासारखा.

मग आई उठली आणि तिनं फळीवरून तिसरा वाडगा काढला.