सबनीसांचं पथ्य

या, असे पुढे सरकून बसा. कथा पोटाची आहे, मागच्या रांगेपर्यंत पोचेल याची खात्री नाही. सूड घ्यायला निघालेल्या एका बाईची गोष्ट सांगतो. तिने सूड घेतला, पण तिने ठरवला होता तो नव्हे.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी, खडकाच्या पोटात कोरलेल्या औदुंबर तळावर मूठभर माणसं राहत होती. क्वचित येणारी नवी तुकडी सोडली, तर तिथे बाहेरून काही आत येत नसे, ना वारा, ना धूळ, ना माती. पाणीसुद्धा तेच ते, फिरून फिरून गाळलेलं. या तळाच्या आहारवैद्य होत्या डॉक्टर मृदुला गवाणकर. एके सकाळी तळप्रमुख अच्युत सबनीस त्यांच्या खोलीत आले आणि दार ओढून घेत म्हणाले,

"डॉक्टर, हे चार भिंतींत राहू द्या."

"बसा. काय होतंय?"

"पोट. जेवलं की फुगतं, मुरडा येतो आणि मग धावावं लागतं. परवा बैठकीतून दोनदा उठलो. पोरं एकमेकांकडे बघत होती."

मृदुलाने त्यांना आंत्रश्रुती गिळायला दिली. ही शेंगदाण्याएवढी गोळी आतड्यातून जाता जाता दाब, वायू आणि आकुंचन ऐकते, शिवाय कुठे कोणते जंतू राहतात तेही कळवते. दोन दिवसांनी पडद्यावर सगळं उमटलं. जखम नाही, सूज नाही.

"चिडकं आतडं," मृदुला म्हणाली. "तुमचं आतडं धड आहे, पण त्याच्या नसा हळव्या झाल्यात. कांदा, लसूण, गहू, हरभरा, दूध यांतल्या काही शर्करा वर पचत नाहीत, खाली जातात. तिथले जंतू त्या आंबवतात आणि वायू होतो. दुसऱ्याला तो कळतही नाही, तुम्हाला सुरीसारखा टोचतो."

"म्हणजे मनाचे खेळ नाहीत ना?"

पडद्यावरून फिरणारं मृदुलाचं बोट थांबलं.

हेच शब्द. याच माणसाचे. तिचा धाकटा भाऊ विश्राम अंतराळ-प्रशिक्षणाला निवडला गेला होता. दाब-पोशाखाच्या चाचणीत त्याला मुरडा आला, त्याने मध्येच बाहेर काढायला सांगितलं. तेव्हा प्रशिक्षकांचे प्रमुख असलेले सबनीस सगळ्या तुकडीसमोर म्हणाले होते, "गवाणकर, आकाशात जायचंय की संडासात?" तुकडी हसली. "हे मनाचे खेळ आहेत, याला घरी पाठवा," असा निकालही त्यांनीच दिला. विश्राम देवगडला परतला तो अन्नालाच भ्यायला लागला. आधी कांदा सोडला, मग गहू, मग डाळी, शेवटी आईच्या हातचं दही. सोडलेलं परत घ्यायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नाही. मृदुला तेव्हा परदेशी शिकत होती. पेजेवर राहिलेल्या त्या मुलाला एका किरकोळ तापाने नेलं.

सबनीसांना गवाणकर हे आडनाव ऐकून काहीही आठवलं नव्हतं.

"नाही सर," मृदुला शांतपणे म्हणाली. "मनाचे खेळ नाहीत. पथ्य करावं लागेल. मी सांगेन तेच खायचं, मी सांगेपर्यंत."

त्या संध्याकाळी ती तळावरच्या मळ्यात गेली. इंदुमती घोलप तिथे मेथीला पाणी देत होत्या. तळाचं सगळं जीवचक्र, म्हणजे पाणी, झाडं आणि जंतू, इंदूताईंच्या ताब्यात होतं. एकादशीला कीर्तनही त्याच करत, झांजा नव्हत्या म्हणून दोन स्टीलच्या झाकण्या घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी काला वाटत.

"सबनीस दुपारी नुसता भात खात होते," इंदूताई म्हणाल्या. "किती दिवसांचं पथ्य हे?"

"पथ्याला दोन पर्वं असतात, ताई. वर्ज्यपर्वात त्रास देणारं सगळं बंद, थोडेच आठवडे. मग परतीचं पर्व. एकेक पदार्थ चिमूटचिमूट परत आणायचा. बाधेल तो बाजूला ठेवायचा, बाकीचे आयुष्यभर खायचे."

"आणि परत आणलंच नाही तर?"

"ज्या जंतूंना घास मिळत नाही ते मरतात. त्यांची वस्ती ओस पडते. मग आधी न बाधणारा पदार्थही बाधायला लागतो. पृथ्वीवर धुळीतून, मातीतून, शेजारपाजाऱ्यांकडून नवे जंतू येतात. इथे कुठून येणार?"

"अगं बाई. म्हणजे पथ्यच रोग होऊन बसायचं."

"हो," मृदुला म्हणाली. इंदूताईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

वर्ज्यपर्व सुरू झालं आणि सबनीसांना चार दिवसांत बरं वाटलं. ते भेटेल त्याला सांगू लागले, "गवाणकर बाई म्हणजे देवमाणूस." आठवडे उलटले. "आता पिठलं-भाकरी?" ते विचारत. "अजून नको," मृदुला म्हणे. महिने उलटले. भात, भोपळा आणि भोपळा, भात. पंगतीत एकजण म्हणाला, "सर, आज तुमच्या ताटात विशेष काय? मीठ?" सगळे हसले. सबनीसही हसले, पण त्यांची नजर शेजारच्या ताटातल्या कांद्यावरून हलेना. गालांची हाडं वर आली. मृदुला शांत झोपू लागली. डोळे मिटताना ती मनात म्हणे, विश्राम, बघ, आज तो कसा बघत होता.

मग तिला वाटलं, आता वेळ झाली. दुसरी आंत्रश्रुती द्यायची, ओसाड आतडं त्यांना दाखवायचं, आणि मी कोण ते सांगून म्हणायचं, आता जन्मभर भोपळा. वाक्य पाठ होतं. जंतूंची वंशावळ वाचायला तिने इंदूताईंनाही बोलावलं. पुराव्याला साक्षीदार हवा होता.

पडदा उजळला. आतडं ओसाड नव्हतं. एकाच जातीच्या जंतूंची दाट वस्ती त्यात नांदत होती.

"हा गरीब स्वभावाचा दिसतो," इंदूताई वाचत म्हणाल्या. "शर्करा खातो, पण वायू सोडत नाही. याची वंशावळ... मृदुला, हा तुझ्या दह्यातला आहे. तू देवगडहून आणलेल्या विरजणातला."

"सर, तुम्ही दही खाल्लंत?"

"छे हो. तुम्ही सांगितल्यापासून थेंब नाही."

"आणि काला?" इंदूताईंनी विचारलं.

"काला काय, तो प्रसाद," सबनीस म्हणाले. "प्रसाद का कोणी खाण्यात धरतं?"

मृदुलाच्या डोळ्यांपुढे काल्याची परात आली. एकादशीच्या कीर्तनानंतर दुसऱ्या दिवशी इंदूताई काला करत. लाह्या, भिजलेली हरभराडाळ, लोणच्याचा खार, आणि मृदुलाने स्वतः लावलेलं दही. प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर. प्रसाद म्हणून तो कोणालाही चालतो आणि त्याला नाही कोणीच म्हणत नाही. चिमूट दही, चिमूट डाळ. परतीचं पर्व याहून वेगळं काय असतं?

"पण ताई, काला आपण सगळेच खातो. आपल्यात हा एवढा का वाढला नाही?"

"आपली घरं भरलेली आहेत गं. यांचं तू ओस पाडलंस. रिकामं घर मिळालं, त्याने बिऱ्हाड केलं."

"म्हणजे मी बरा झालो?" सबनीसांनी विचारलं.

मृदुलाला आईच्या फडताळातलं दह्याचं भांडं दिसत होतं. विश्रामच्या पोटातही हा असणारच. दही सोडेपर्यंत होता, आणि बाकीचं सोडून घर रिकामं झालं, तो वाढणार, तेव्हाच दहीही सुटलं. औषध त्याच्या आत होतं आणि त्याने ते उपाशी मारलं, कारण पथ्याचं दुसरं पर्व असतं हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

तिने खण उघडून जंतुनाशकाची पट्टी काढली. पाच दिवसांत वस्ती साफ झाली असती. सबनीसांनी ती न विचारता गिळली असती. तिने पट्टी हातात धरली आणि तिच्या ध्यानात आलं, की विश्रामने नकळत जे मारलं तेच आपण आता जाणूनबुजून मारणार आहोत. पट्टी खणात परत गेली. राग मात्र कुठेच गेला नाही.

"सर, विश्राम गवाणकर आठवतो?"

"गवाणकर? तुमच्या नात्यातला कोणी?"

"आकाशात जायचंय की संडासात?"

सबनीसांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "तो... तो मुलगा कुठे असतो आता?"

"नसतो. माझा भाऊ होता. मी तुम्हाला मुद्दाम उपाशी ठेवलं. इंदूताई साक्षीला आहेत. मला पृथ्वीवर पाठवा, चौकशी लावा. पण आधी ऐका. हा जंतू तुमच्यात पाहुणा आहे. रिकाम्या घरात त्याला काल्याची चिमूट पुरली, पण तुम्ही जेवायला लागलात की त्याला रोज हरभरा, कांदा लागेल आणि अधूनमधून दह्याची भर लागेल. खंड पडला की मुरडा परत. विरजण माझ्या घरचं आहे. मी गेले की तेही जाईल."

"तुम्हाला काय हवंय?"

"ज्याला हसून घरी पाठवलंत, त्याच्या घरच्या या जंतूला मरेपर्यंत जेवू घाला. आणि पहिला घास घेताना त्याचं नाव घ्या. मोठ्याने, पंगतीत. कोणी विचारलं, तर त्या दिवशी काय म्हणालात तेही सांगा."

इंदूताई उठल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मृदुला, तुझा हिशेब तुला देवापुढे द्यायचाय. यांचा यांनी पंगतीत द्यावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सबनीसांनी भाकरीचा तुकडा मोडला, कांद्याला लावला आणि म्हणाले, "विश्राम." शेजारच्याने विचारलं, "कोण हो सर?" सबनीसांनी सांगितलं. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकताना कोणी हसलं नाही. पृथ्वीवरून नवी तुकडी येते तेव्हा कोणीतरी नव्याने विचारतंच, आणि तळप्रमुखांना घास हातात धरून पुन्हा सगळं सांगावं लागतं. मृदुला समोर बसून शेवटपर्यंत ऐकते. मगच दही वाढते.

आता तुम्हीही घरी जाऊन पानावर बसाल. पंगतीतून कोणी पोट धरून मध्येच उठलं, तर त्याच्याकडे बघून हसू नका. आणि पहिला घास उचलाल तेव्हा क्षणभर थांबून देवगडच्या विश्राम गवाणकराची आठवण करा.