पत्रातली जास्तीची ओळ

"अहो, घड्याळ दुरुस्त होईल का?" असं त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे तिनं मान वर केली.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचाच. त्या सकाळी तर तो पार कागदावर उतरला होता. दुकानासमोरचा पाण्याचा पाइप तीन महिने गळत होता. रस्त्याला हा एवढा खड्डा, त्यात शेवाळ! गेल्या आठवड्यात बाबा तिथेच घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा तो हात... आता प्लास्टरमध्ये. म्हणून घड्याळाच्या दुकानात ती एकटीच, आणि गिऱ्हाइकांना तोंड द्यायचं सोडून ती वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहीत बसलेली.

"बघू," ती हात पुढे करून म्हणाली. घड्याळात पाणी शिरलं होतं. काचेच्या आत थेंब साचलेले. "अंघोळ घातलीत का याला?"

तो हसला नाही. काउंटरवरचं तिचं पत्र तो उलट्या बाजूनं वाचत होता.

"‘निर्लज्ज’ काढा," तो म्हणाला.

"काय?"

"पत्रातला शब्द. आणि ‘कुंभकर्ण’ पण काढा. संपादक छापायचे नाहीत. वर ‘मा. संपादक यांस’ लिहा, मग विषय. तक्रार कधी केलीत ती तारीख घाला, तक्रारीचा क्रमांक घाला. तारखांना उत्तर द्यावं लागतं हो... शिव्यांना नाही."

आगाऊ आहे, तिला वाटलं. पण बोलतो ते खोटं नाही, हेही वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"वर्तमानपत्रात असता का तुम्ही?"

"नाही." तो ओशाळला. "पाणीखात्यात. तुमच्या पत्रातला तो झोपा काढणारा कनिष्ठ अभियंता... तो मीच."

तिच्या हातातला चिमटा टणकन काउंटरवर पडला. मग तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. नव्या पाइपासाठी त्यानं तीनदा वर लिहिलं होतं. फाइल मोठ्या साहेबांच्या टेबलावर बसली होती ती बसलीच होती. पण पेपरात छापून आलं, की कात्रण चिकटवून साहेबांना खुलासा द्यावा लागे, आणि खुलासा द्यायचा म्हणजे आधी काम करून टाकावं लागे. खात्यात हीच रीत होती.

"म्हणून म्हणतो, पत्र टाकाच," तो म्हणाला.

"आणि मग तुमचं काय होईल?"

"कुणाच्या तरी माथी मारावंच लागतं ना. धरणावरच्या पंपघरात एक जागा कायम रिकामी असते. तिथे धाडतील." त्यानं खांदे उडवले. "बस दिवसातून एकदाच जाते तिथे. पण पक्षी फार आहेत म्हणे."

पक्षी म्हणे! तिनं नवा कागद घेतला. त्यानं सांगितलं, तिनं लिहिलं. दोघांची डोकी एका कागदावर झुकली होती, आणि त्याच्या शर्टाला ओल्या मातीचा वास येत होता... तो तिला का कोण जाणे, आवडला.

पत्र पाकिटात गेलं. पाकीट मात्र खणात गेलं, टपालपेटीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घड्याळ न्यायला आला. "उद्या या," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशीही "उद्या या." दोन तासांचं काम, अकरा दिवस चाललं! तो यायचा, स्टुलावर बसायचा, आता प्लास्टरसकट दुकानात येऊन बसणाऱ्या बाबांशी गप्पा मारायचा. बाबा काही दुधखुळे नव्हते. चहाचे कप डाव्या हातानं विसळता विसळता एकदा म्हणाले, "पोरी, ते घड्याळ मी झोपेतसुद्धा दुरुस्त केलं असतं." ती लाजेनं लालबुंद झाली.

"पत्र अजून छापून नाही आलं," तो रोज म्हणायचा.

"येईल की. घाई कसली?"

बाराव्या दिवशी इस्त्रीवाल्या काकू त्याच खड्ड्यात पडल्या. गुडघा फुटला, कपड्यांचं गाठोडं चिखलात. त्यानंच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं, आणि परतला तो तडक काउंटरपाशी.

"खरं सांगा. पत्र टाकलंत?"

तिनं खण उघडला. पाकीट काउंटरवर ठेवलं.

"का?"

"तुमची बदली झाली असती..."

बोलून गेली आणि तिला कळलं, आपण काय बोललो ते. त्यानं पाकीट तिच्याकडे सरकवलं. बाहेर पाइप गळतच होता.

"माझ्यासाठी काकूंचा गुडघा फोडलात होय?" तो अगदी हळू म्हणाला. रागवायला गेला होता, पण जमलं नाही त्याला. "टाका ते आजच. शप्पथ आहे माझी."

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ बसून राहिली. काकूंना तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि त्याची काळजीही सुटत नव्हती. शेवटी तिनं पाकीट फोडलं आणि पत्राखाली एक ओळ वाढवली, ‘यात कनिष्ठ अभियंत्यांचा दोष नाही, त्यांनी वरिष्ठांना तीन वेळा लेखी कळवले आहे,’ आणि खाली तिन्ही पत्रांच्या तारखा. गप्पांच्या ओघात त्यानं सांगितलेल्या, तिला तोंडपाठ झालेल्या. तारखांना उत्तर द्यावं लागतं ना? मग घ्या! केवढी हुशारी केली असं वाटलं तिला.

पत्र शनिवारी छापून आलं, त्या ओळीसकट. सोमवारी नवे पाइप आले. आणि मंगळवारी, खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या त्याच्या हातात बदलीचा हुकूम पडला. काकूंनी ही बातमी दुकानात आणून टाकताच ती तशीच अनवाणी बाहेर धावली.

"का पण? मी तर लिहिलं होतं, तुमचा दोष नाही म्हणून!"

"तेच तर." तो कसंनुसं हसला. "साहेबांनी विचारलं, ऑफिसातल्या पत्रांच्या तारखा घड्याळवालीला कुणी पुरवल्या? काय सांगणार होतो?"

वाचवायला गेले आणि मीच... "मेलं माझं शहाणपण!" ती रडायलाच लागली, भर रस्त्यात, मजुरांदेखत. "सगळ्या गावानं तुम्हाला झोपाळू म्हटलं असतं, ते मला सोसलं नसतं हो. आवडता तुम्ही मला. फार आवडता. झालं?"

मजुरांची फावडी थांबली. त्यानं खिशातून एक घडी काढली. पेपरातलं कात्रण होतं ते.

"आठ वर्षं नोकरी करतोय. शिव्यांची कात्रणं ढीगभर आहेत, सगळी फाइलला लागली. माझ्या बाजूनं कुणी ओळ लिहिली ती ही पहिलीच. ही नाही लावली मी फाइलला." त्यानं कात्रण पुन्हा नीट खिशात ठेवलं. "तिथे राहायला दोन खोल्या देतात. एकट्याला जरा... मोठ्याच पडतील. याल? लग्न करून, म्हणतोय मी."

तिनं पदरानं नाक पुसलं. "बाबांचा हात बरा होईपर्यंत मला हलता यायचं नाही."

"मी थांबेन."

"दर रविवारी यावं लागेल."

"येईन."

"बस चुकली तर?"

"चालत येईन. पोचेन सोमवारी!"

ती रडता रडता हसली. दुकानाच्या दारातून बाबा ओरडले, "अगं, हो म्हण की! त्याचा जीव टांगणीला लागलाय!"

"हो म्हटलंय, बाबा!"

खड्ड्यातून एका मजुरानं विचारलं, "साहेब, बुजवू का आता?" साहेबांना कुठलं ऐकू जायला? ते तिच्याकडेच बघत होते. मग तीच खाली वाकून म्हणाली, "बुजवा हो दादा, आणि चांगलं ठोकून बुजवा. आमची माणसं येणार-जाणार आहेत इथून."