हातभर मागची रेघ

संग्रहालय उघडायच्या आधी मी आतून एक फेरी घालते. मनात नाम, तोंडाने अवाक्षर नाही, आणि फेरी पुरी होईपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. चौदा वर्षांत हा नेम चुकला नव्हता, देवाची कृपा.

आमचे हे इथले सुतार. पूर्वी दालनात काचेची कपाटं इतकी दाटीवाटीने उभी असत की समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागे. सगळी यांच्या हातची. नव्या मांडणीसाठी ती मोडायची ठरली, तेव्हा हे शेवटची मापं घ्यायला आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. पुढे त्यांच्या जागी मला राखणीला घेतलं.

कपाटं गेली, एकेका काळाची एकेक खोली झाली. मग त्या भिंतीही गेल्या. भिंत पडताना मी कोपऱ्यात उभी राही. वाटे, हिच्यामागे असतील. आता सगळं पांढरं, मोकळं, मधोमध एकच मूर्ती. पाडायला काही उरलं नाही.

यंदा मांडणी करणाऱ्या मुलीने छताला यंत्रं लावली. माणसं कुठून चालतात, कुठे थांबतात, त्याच्या रेघा पडद्यावर उमटतात. एका दुपारी तिने मला बोलावलं. मोकळ्या फरशीवर लोक कशाला तरी वळसे घालत होते. ते बोळ, ते कोपरे मी ओळखले. कपाटांचे होते.

"आणि मावशी, सकाळी तुमच्याबरोबर कोण असतं?"

माझी रेघ कुठे न थांबता गेलेली. तिच्या हातभर मागे दुसरी, दर कपाटाच्या जागी जरा थांबणारी. हे जाता-येता प्रत्येक दार ओढून बघत, बिजागरी कुरकुरते का म्हणून. मी म्हणायची, घरचं दार कुरकुरतंय ते तेवढं ऐकू येत नाही.

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेम. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या सकाळी निम्म्या फेरीत धीर सुटला. मी वळले.

पांढरं दालन. ताज्या पॉलिशचा वास.

क्षमा मागितली. फेरी पुरी केली.

दुपारी पडद्यावर सकाळची रेघ एकच होती. दर कपाटापाशी थांबणारी.

"मावशी," मुलीने विचारलं, "आज फेरी नाही घातलीत?"