बॉनेटवरचं 'येते'

कुणी ब्रश लावला नव्हता की डबा उपडा केला नव्हता, तरी शाल्मलीच्या आईची निळी गाडी पिवळी झाली होती. कशी झाली असेल, सांगा पाहू? दहा वर्षांच्या शाल्मलीला विचारलंत, तर ती म्हणेल, "कशी का होईना, हात लावायचा नाही."

त्याला कारण होतं. तिची आई आठ दिवसांपूर्वी चंद्रावरच्या तळावर वर्षभरासाठी कामाला गेली. निघताना तिने बॉनेटवरच्या पिवळ्या भुकटीत बोटाने लिहिलं, 'शाले, येते गं'. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, मग चंद्रावर निघालं तरी काय झालं! शाल्मलीने बॉनेटच्या चारी बाजूंना काठ्या रोवून वर चादर ताणली. अक्षरांवर नवी भुकटी पडू नये, म्हणून.

आणि इथेच घोळ झाला. गाडी चालायची उन्हावर. तिला सौरलेप (उन्हाची वीज करणारा रंग) होता. टप धुतलेला होता, पण बॉनेट भुकटी आणि चादरीखाली झाकलेलं; नुसत्या टपाने बॅटरी अर्ध्या वाटेपुरतीच भरत होती. आज दुपारी चार वाजता साठ किलोमीटरवरच्या संपर्क केंद्रात आईशी दहा मिनिटं बोलायचं होतं. ही पाळी महिन्यातून एकदाच यायची.

"बॉनेट धुवायला लागेल, बाळा," पहिल्या दिवसापासून सांगत होते तेच भाऊआजोबा आजही म्हणाले. आईचे हे वडील आयुष्यभर परागकणांचा अभ्यास करत आलेले.

"नाही."

"फोटो काढून ठेव."

"फोटोत आईचं बोट नसतं, आजोबा."

चंद्रावर गेली होती ती त्यांचीही मुलगीच होती. मग त्यांनी आतून सूक्ष्मदर्शक आणला आणि बॉनेटच्या कडेची चिमूटभर भुकटी काचेवर घेतली. शाल्मलीने डोळा लावला. गोल गोल कण दिसले.

"हे परागकण (बी धरण्यासाठी नरफुलातून निघणारे कण). आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातले. सुरूच्या फुलाकडे ना रंग, ना मध. फुलपाखरू कशाला फिरकेल? म्हणून ते लाखो कण वाऱ्यावर सोडतं. एखादा मादीफुलावर पोचतो, बाकीचे आपल्या गाडीवर."

"मग फडक्याने पुसलं की झालं?"

"छे. त्यांचं कवच भलतंच कडक. कोरडं घासलंस तर वाळूसकट रंगावर चरे पडतील. आधी भरपूर पाणी वरून खाली सोडायचं, मग साबणाचं मऊ फडकं. आणि उशीर करायचा नाही. ओल लागली की कण फुगतो आणि त्यातून पेक्टिन (जॅम घट्ट करणारा चिकट पदार्थ) बाहेर येतं. ते वाळताना आकसतं आणि रंगाचा वरचा पापुद्रा ओढून धरतं. मग डाग पडतो."

ऊन वर चढत होतं. शाल्मली चादरीखाली जाऊन बसली. अक्षरं की आईचा आवाज? अक्षरांना न लावता तिने त्यांच्यावरून हवेतच बोट फिरवलं. शेवटी तिने स्वतःच काठ्या उपटल्या आणि पाण्याची नळी हातात घेतली. 'गं' सगळ्यात शेवटी गेला. ती डोळे पुसतच साबण लावत राहिली.

बॉनेट सुकलं आणि ती जागीच थांबली. निळ्या रंगावर 'शाले, येते गं' तसंच होतं. अक्षरं चकचकीत, भोवतालचा रंग मात्र मंद.

"आजोबा, हे कसं?"

"तूच सांग. आठ दिवस पहाटे काय पडत होतं?"

"धुकं. ते बाजूंनी चादरीखाली शिरलं." ती थांबत थांबत बोलू लागली. "ओल लागून कण फुगले, पेक्टिन निघालं, डाग पडला. पण आईचं बोट फिरलं होतं तिथे कणच नव्हते. म्हणून तिथे डाग नाही."

"माझं ऐकून पहिल्याच दिवशी धुतलं असतंस, तर काहीच उरलं नसतं," आजोबा म्हणाले. आपला सल्ला वाया गेल्याचा आनंद त्यांना पहिल्यांदाच झाला असावा. "कडक उन्हाने पेक्टिन सुटतं. वैशाखापर्यंत डाग जाईल हं."

"जाऊ दे. गाडीला ऊन लागतंच. पुढच्या वर्षी सुरू फुलेल तेव्हा आई इथे असेल. मग मी लिहीन, आणि लगेच धुऊन टाकीन."

दुपारपर्यंत बॅटरी भरली. दोघं बसली, गाडी आपली आपण निघाली आणि चारला पाच मिनिटं असताना पोचली. पडद्यावर आई दिसताच शाल्मली म्हणाली, "आई, बॉनेट धुतलं. तरी तुझं 'येते' अजून तिथेच आहे."

चंद्रावरून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. त्या दिवशी बरेच जास्त लागले.