बासष्ट मिनिटांचं हत्तीचं पिल्लू

हत्तीचं पिल्लू चिखलात घसरायच्या तीन सेकंद आधी शेजारचा माणूस हसला. उल्काने मोबाइलवरून नजर उचलली. योगायोग असेल... पण माकडाने टोपी पळवायच्या आधीही तो हसला, तेव्हा शंका उरली नाही. या माणसाला सिनेमा पाठ होता.

"स्वल्प आवाज वाढवा की, अक्का," तो म्हणाला. "आता गाणं येतंय."

बेळ्ळंदूरहून व्हाइटफील्डला जाणाऱ्या ऑफिसच्या कॅबमध्ये, आजूबाजूला सगळं कन्नड असताना, मराठी ऐकून उल्काला बरं वाटलं. 'अक्का' मात्र खटकलं.

"तुमचं वय किती?"

"एकतीस."

"माझं एकोणतीस. मी अक्का कशी?"

"सरी, सरी! चुकलं!" त्याने कान पकडले. "मग नाव सांगा."

त्याचं नाव गिरीधर. आजोबांपासून घर इथलंच, चिकपेटेतलं. ती नागपूरची, त्याच्याच ऑफिसच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत औषधं तपासणारी. दुसऱ्या दिवशी तो आपणहून शेजारी येऊन बसला. मग रोजच. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक त्याच्या. सिनेमा बासष्ट मिनिटांचा, रस्ताही जवळपास तेवढाच. पिल्लाला तळं सापडलं की ऑफिसचं फाटक दिसायचं.

"तेच तेच बघून कंटाळत नाहीस तू?" आता तो तिला अगं-तुगं करू लागला होता.

"लहानपणी मे महिन्याच्या दुपारी मी आणि भाऊ कूलरसमोर बसून बघायचो. खसचा वास, आणि तळं सापडणार हे ठाऊक. दिवसभर ज्यांचं काय निघेल ते माहीत नाही, अशाच गोष्टी तपासते रे मी. आणि तू?"

"माझी बहीण रक्षिता हे लावल्याशिवाय जेवायची नाही. घास भरवता भरवता पाठ झालं की!"

पाच महिने असे गेले. मग एका सकाळी, ऐन गाण्यात, तो समोर बघत म्हणाला, "उल्का... मला तू आवडतेस. घाई नाही."

ती कानापर्यंत लाल झाली. "विचार करते," एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात पुण्याहून नव्या नोकरीचं पत्र आलं; तीन आठवड्यांत कळवायचं होतं. तिने ते गिरीधरलाही दाखवलं. भाऊ पुण्यात, बाबा खूश. तीन आठवडे ती बाबांना आणि गिरीधरला, दोघांनाही "विचार करते" म्हणत राहिली. गिरीधरने तोंड उघडलं की म्हणायची, "थांब ना, एवढं बघू या."

शुक्रवारी शाळा-कॉलेजांना कसलीशी सुट्टी होती. रस्ते मोकळे. एक्केचाळिसाव्या मिनिटालाच कॅब फाटकाशी उभी राहिली. पिल्लू अजून जंगलातच होतं. बाकीचे उतरून गेले.

"पुण्याला आज कळवायचंय ना?" गिरीधरने कानातलं इअरफोनचं टोक काढून तिच्या हातात ठेवलं. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "राहिलेलं... संध्याकाळी बघू?"

एकवीस मिनिटं उरली होती. त्यांत काय होणार, हे तिला पाठ होतं. बाबा काय म्हणतील, हे नव्हतं. तिने सिनेमा बंद केला आणि फोन लावला.

"बाबा, पुण्याची नोकरी मी घेत नाहीये."

"अगं, पण का?"

दाराच्या कडीकडे गेलेला गिरीधरचा हात तसाच थांबला.

"इथे एक मुलगा आहे, बाबा. गिरीधर. नंतर सांगते..." तिने श्वास घेतला. "नाही, आत्ताच सांगते. मला तो आवडतो, आणि मला त्याच्याबरोबर राहायचंय."