राजाराम पाणी मागतो

ऑक्टोबर २००२मध्ये क्युपर्टिनोतल्या ऑफिसात केदारच्या वाट्याला काम आलं ते एका जुन्या जहाजाच्या रोजनिशीचं. दीडशे वर्षांपूर्वी पॅसिफिक ओलांडून चीनशी व्यापार करणारा एक कप्तान. त्याच्या खापरपणतूला प्रदर्शन भरवायचं होतं. पानं स्कॅन करायची, नोंदी डेटाबेसमध्ये भरायच्या. काम कंटाळवाणं, पण व्हिसा त्यावरच टिकून होता.

कप्तानाचं अक्षर मोत्यासारखं. वारा, चहाच्या पेट्या, कोंबड्या. मग नऊ मार्चला: ‘रत्नागिरीचा खलाशी राजाराम तापाने फणफणला आहे. पाणी मागतो. नाकारलं. कोंबड्यांना पाजलं.’

अशा पाच नोंदी. केदारचं डोकं सणकलं. चौदा मार्चला राजाराम मेला, प्रेत समुद्रात सोडलं.

पंधरा मार्च: ‘राजाराम पाणी मागतो. नाकारलं.’

तारीख चुकली असेल म्हणून त्याने पान पुन्हा पाहिलं. शाई तीच, क्रम बरोबर. सोळाला तेच, सतराला तेच. सॅन फ्रान्सिस्को येईपर्यंत एकेचाळीस नोंदी, आणि अक्षर दिवसेंदिवस वाकडं होत गेलेलं.

मॅनेजर राजीव खुर्ची ओढून बसला. “चौदा मार्चनंतरचं राजारामचं सगळं डिलीट कर. त्यावरून कॅप्टन वेडा होता असं दिसतंय. क्लायंट भडकलाय.”

“वेडा? मेलेल्या माणसालाही पाणी दिलं नाही हरामखोराने!”

“तुझं एक्स्टेन्शन पेंडिंग आहे, यार. विचार कर.”

“केला. नाही काढणार.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

केदारने खोक्यात सामान कोंबलं. पडद्यावर शेवटची नोंद उघडीच होती.

“चल रे बाबा माझ्या घरी,” तो त्या नोंदीला मोठ्याने म्हणाला. “हवं तेवढं पाणी देतो.”

गाडी चालवताना तो एकच वाक्य जुळवत होता, नोकरी गेल्याचं बायकोला कसं सांगायचं.

दार उल्काने उघडलं. हातात भरलेला तांब्या.

“पाहुणे पाठवायचे तर फोन तरी करायचास,” ती दबक्या आवाजात करवादली. “हा सहावा तांब्या. बोलत काहीच नाहीत, नुसता पेला पुढे करतात.”

केदारने तिच्या खांद्यावरून पाहिलं. सोफ्यावर कुणी नव्हतं.

तो आत गेला. वाकून कार्पेटवर हात फिरवला.

कोरडं होतं.

टीपॉयवरचा रिकामा पेला बोटभर त्याच्याकडे सरकला.